गोठ्यातली जावा आणि तिचे अस्सल सायलेन्सर

बैलबाजारात गेल्यावर आपण काय करतो? विकणारा कितीही गोड बोलला तरी आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, खूर पाहतो, खांदा दाबून पाहतो आणि चार पावले चालवून घेतो. शिंगांचा रंग बघून कोणी पैसे मोजत नाही. पण तोच शेतकरी गोठ्यात पडून राहिलेली वडिलांची मोटारसायकल विकायला किंवा दुरुस्तीला काढतो, तेव्हा मात्र नुसत्या चकाकीला भुलतो. मीही भुललो होतो. म्हणून तर हे लिहायला बसलो.

विषय तसा आमच्या खात्याचा नव्हे. माझे काम बियाणे, खते आणि कीडनियंत्रण सांगण्याचे. परंतु गेल्या रब्बीत ज्वारीच्या पीक कापणी प्रयोगासाठी एका गावी गेलो होतो. काम आटोपून चहाला एका घरी थांबलो. घरच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. चहाची कपबशी पुढे ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "सायेब, तुमी शिकल्याली मानसं. आमच्या मालकांची फटफटी हाय गोठ्यात. भंगारवाला तिचं नळकांडं किलोवर मागतुया. दिऊ का?"

गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड मरून रंगाची जावा उभी होती. दोन्ही चाके मातीत रुतलेली, सीटवर कोंबडीने अंडी घालायची जागा केलेली. आजींचे मालक तिच्यावर दुधाच्या घागरी बांधून रोज डेअरीला जात. ते गेले आणि गाडी तशीच राहिली. भंगारवाला गाडी मागत नव्हता, नुसते सायलेन्सर मागत होता. त्याच महिन्यात शहरातून एक गृहस्थ गाडी पाहायला येऊन गेले होते आणि म्हणाले होते, "सायलेन्सर पार सडले आहेत, म्हणून भाव कमी होईल." माझ्या मनात पाल चुकचुकली. सडलेली वस्तू एकाला नको आणि दुसरा तेवढीच मागतो, असे कसे?

आजींना म्हटले, "मावशी, आठ दिवस काही देऊ नका. मी परत येतो." असे सांगण्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरचे आहे. ते आधी सांगतो.

माझ्या आबांकडे १९७२ सालची जावा होती. त्यांच्या मागे ती माझ्याकडे आली. हौसेने ती शहरातल्या एका गॅरेजात दिली. दोन महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा आरशासारखी चमकत होती आणि दोन्ही बाजूंना कोरे करकरीत सायलेन्सर. मी खूष. जुने कुठे गेले हे विचारण्याचेही भान राहिले नाही. पुढे गाडी चालवू लागलो तर सावकाश वेगात ती ठेचकाळू लागली, प्लग वारंवार काळा पडू लागला, घाट चढताना इंजिन तापू लागले. कार्बुरेटर खोलून झाला, पॉइंट बदलून झाले. शेवटी तालुक्याच्या गावी एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडे नेली. चाचांनी किक मारली, अर्धा मिनिट कान दिला आणि म्हणाले, "साहेब, गाडी तुमचीच आहे, आवाज दुसऱ्याचा आहे." मागून सायलेन्सर उघडला तर आत काही नाही. एक भोके पाडलेली नळी आणि वरून चमकणारा पत्रा. गॅरेजात परत गेलो, तर जुने सायलेन्सर केव्हाच कोणीतरी घेऊन गेले होते. आबांच्या हातचे होते ते. पैसे देऊनही आता मिळणार नाहीत.

एका सिलिंडरला दोन नळकांडी

ज्यांनी जावा जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वांडरर कंपनीचा मोटारसायकलचा व्यवसाय घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' नाव केले. मुंबईच्या इराणी घराण्याने ती आपल्याकडे आणली आणि म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला. १९६० नंतर तिथून भारतीय जावा बाहेर पडू लागल्या. १९७३ च्या सुमारास जावा हे नाव जाऊन येझदी हे नाव आले, आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. २०१८ साली जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले. त्या नव्या गाडीलाही दोन सायलेन्सर आहेत, पण ती फोर स्ट्रोक गाडी आहे, जुनीशी तिचा नावापुरता संबंध. "जावाचा सायलेन्सर द्या" म्हणून दुकानात मागाल तर कोणत्या जावाचा हे आधी सांगा.

जुन्या २५० सीसी जावाला सिलिंडर एकच, पण धूर बाहेर पडायची तोंडे दोन. प्रत्येक तोंडाला एक वाकडा पाइप, ज्याला गॅरेजवाले बेंड म्हणतात, आणि त्यापुढे लांब सायलेन्सर. दोन नळकांडी पाहून अनेकांना वाटते की गाडी दोन सिलिंडरची आहे. बेंड सिलिंडरच्या तोंडाशी आट्यांच्या गोल नटाने आवळलेला असतो. नटाला खाचा असतात आणि तो आकडीसारख्या पान्याने फिरवायचा असतो. हा नट लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता सायलेन्सरने एवढा फरक का पडतो? बुलेटसारख्या फोर स्ट्रोक इंजिनात धूर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह असतो. टू स्ट्रोकमध्ये तसा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच खालीवर होऊन उघडतो आणि झाकतो. जळलेला वायू बाहेर जात असतो त्याच वेळी ताजे पेट्रोल आत येत असते, आणि त्यातले काही धुरामागोमाग पाइपात निघून जाऊ पाहते. पाइपात गेलेला दाबाचा धक्का पुढे आपटून माघारी येतो आणि त्या ताज्या मालाला थोडाफार आत ढकलतो. हा धक्का वेळेवर परत यावा यासाठी पाइपाची लांबी, सायलेन्सरचे पोट आणि आतली भोके ठरवलेली असतात. पाटाला बारे कुठे आणि केवढे ठेवायचे याचा जसा हिशेब असतो, तसाच हा. नुसता पत्रा गुंडाळून चकाकी दिली की हिशेब मोडतो. गाडी पेट्रोल जास्त पिते आणि ओढ कमी होते.

जुना म्हणजे अस्सल नव्हे

ठरल्याप्रमाणे आठ दिवसांनी चाचांना घेऊन आजींकडे गेलो. सोबत फक्त घरातलीच हत्यारे होती: जुन्या रेडिओच्या स्पीकरचे लोहचुंबक, गोधडी शिवायचा दोरा, मोबाइलची बॅटरी आणि शेजारच्या किराणा दुकानातून मागून आणलेला काटा. आजींचा नातू कॉलेजात शिकतो, तो टिपणे घ्यायला बसला.

चाचांनी पहिली गोष्ट सांगितली ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती. गंजलेला, काळवंडलेला सायलेन्सर पाहिला की लोक समजतात, हा मूळचाच असणार. पण नकली माल काही आज निघालेला नाही. गाड्या जोरात खपत होत्या तेव्हाही बाजारात स्वस्त सायलेन्सर मिळत होते, आणि तेही आता चाळीस चाळीस वर्षांचे झाले. तेव्हा गंज हा वयाचा दाखला झाला, कुळाचा नव्हे. शिवाय कारखान्याचा सुटा भाग नंतर आणून बसवलेला असला तर तो अस्सल खरा, पण त्या गाडीबरोबर आलेला नव्हे. विकत घेणारे जाणकार हा फरकही करतात.

आधी लोहचुंबक. दोन्ही सायलेन्सरांना ते चिकटले. नातू म्हणाला, "म्हणजे ओरिजिनल!" चाचा हसले. हल्ली काही नकली सायलेन्सर स्टेनलेस स्टीलचे करतात, त्याच्या नेहमीच्या जातीला चुंबक चिकटत नाही. जावाचे मूळ सायलेन्सर साध्या पोलादी पत्र्याचे आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेले. तेव्हा चुंबक चिकटले नाही तर तो मूळचा नाही, हे पक्के. चिकटले तर एवढेच कळते की पुढे पाहायला हरकत नाही.

मग आकार. म्हैसूरच्या जावाचा सायलेन्सर लांब चिरुटासारखा, मागे निमुळता होत जाणारा. त्याआधीच्या काही चेक जावांना माशाच्या शेपटीसारखे चपटे टोक असे. गाडी कोणत्या सालची हे इंजिन आणि चासीचे नंबर आरसी बुकाशी ताडून आधी ठरवावे, मग कोणती शेपटी हवी ते पाहावे. डाव्या आणि उजव्या सायलेन्सरवर वीत वीत अंतरावर दोरा गुंडाळून आम्ही घेर मोजला. पुढचा घेर जुळला, पण मधला जुळेना. उजवा बोटभर जाड भरला. लांबीतही फरक निघाला. जोडीतले दोन बैल एका उंचीचे नसले की चालताना दिसते, तसे हे एकदा मोजल्यावर डोळ्यांनाही दिसू लागले. आधी कसे दिसले नाही कोण जाणे.

काट्यावर ठेवले तर उजवा घेराने मोठा असूनही हलका भरला. वजनाबाबत मात्र सावध राहावे. आत काजळीचा थर असेल तर तोच सायलेन्सर जड भरतो. म्हणून वजनावरून एकदम निकाल देऊ नये.

खरा निकाल आतून लागतो. मागचे टोक सोडवून चाचांनी आतला भाग बाहेर ओढला. गॅरेजात त्याला बाफल म्हणतात. डाव्याचा बाफल निघता निघत नव्हता, कारण तेल मिसळलेल्या पेट्रोलाची वर्षानुवर्षांची काजळी डांबरासारखी घट्ट बसली होती. खरवडल्यावर खाली पाहिले तर भोके एका मापाची, एका रांगेत, कडा साफ. साच्याने दाबून पाडलेली होती ती. पडद्याच्या चकत्या नळीला नीट काटकोनात जोडलेल्या. उजव्याचे टोक सोडवायला गेलो तर ते सुटायचेच नव्हते, कायमचे जोडून टाकलेले होते. बॅटरी मारून तोंडातून पाहिले तर आत एक नळी आणि ड्रिलने पाडलेली वाकडीतिकडी भोके. माझ्या गाडीचीच ही मोठी बहीण म्हणायची.

पत्र्याची शिवण कुठे आहे हेही पाहण्यासारखे आहे. सायलेन्सर म्हणजे गुंडाळलेला पत्रा, त्याला सांधा असणारच. डाव्याचा सांधा आतल्या, म्हणजे चाकाच्या बाजूला होता आणि मुलाम्याआधी घासून सपाट केलेला होता. नखाने शोधावा लागला. उजव्यावर वेल्डिंगची वळकटी मुलाम्याखालूनही गांडुळासारखी दिसत होती. बेंडचेही तेच. कारखान्यात यंत्रावर वाकवलेला पाइप वाकणावरही गोल राहतो. हाताने वाकवलेला आतल्या बाजूला चपटतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. गाडी पडून पोचा आला असेल तर मूळचा पाइपही चपटा दिसेल, पण पोचा एका जागी असतो आणि सुरकुत्या ओळीने असतात.

आता त्या खाचांच्या नटाकडे येऊ. दोन्ही नटांच्या खाचा चेचलेल्या होत्या. आकडीचा पाना हरवला की मेकॅनिक छिन्नी आणि हातोडी लावतो, हे घराघरांतले दुखणे. पण चाचांनी दाखवले की डाव्या नटावर दोन-चारच घाव आहेत आणि उजव्यावर डझनभर. म्हणजे उजवी बाजू अनेकदा उघडली गेली आहे. नट ढिला राहिला की सांध्यातून तेलकट काळा ओघळ सिलिंडरवर उतरतो. तसा ओघळही उजवीकडेच होता. कोणता भाग किती वेळा खोलला हे नटच सांगतो. म्हणून जुनी गाडी पाहताना चकाकीआधी नट पाहावेत.

आरसी बुकात नाही ते फोटोत

शिक्का किंवा नंबर दिसला की लोक हुरळून जातात. माझे मत विचाराल तर शिक्क्यावर भरवसा ठेवू नये. पत्र्यावर अक्षरे ठोकणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे, आणि मूळ भागावरचा शिक्का पॉलिश करताना घासून जाऊ शकतो. त्यापेक्षा घरातला जुना फोटो मोलाचा. आपल्याकडे गाडी घेतली की तिच्याजवळ उभे राहून फोटो काढायची पद्धत होती. लग्नाच्या वरातीत, यात्रेत, मुलाच्या जावळाला, कुठे ना कुठे गाडी मागे उभी असते. माझ्या बहिणीच्या १९८६ च्या लग्नातल्या फोटोत आबांच्या जावाचे मागचे टोक स्पष्ट दिसते. ते पाहूनच आता मी तशा सायलेन्सरच्या शोधात आहे.

आजींनी ट्रंकेतून फोटो काढला. मालक फेटा बांधून गाडीवर बसलेले, दोन्ही बाजूंना दुधाच्या घागरी. घागरींसाठी लोखंडी चौकट लावलेली होती. फोटोत चौकटीचा कोपरा डाव्या सायलेन्सरला जिथे टेकला होता, तिथेच आज डाव्यावर पोचा आहे. उजव्यावर तसा पोचा नाही. नातवाने हे शोधले, आम्ही दोघे म्हातारे फोटोतल्या फेट्याकडेच पाहत बसलो होतो.

आणि मग आजींना आठवले. "एकदा नाल्यात पडलं हुतं मालक. तवा ह्यो नवा घातला." कधी? थोरल्या लेकीच्या लग्नाआधी. आणि जुना? "लोखंड टाकून देत नव्हतं ते कदी." नातू शिडी लावून माळ्यावर चढला. पाभरीचे फण, मोडके कुलूप आणि कंदिलाचा सांगाडा बाजूला केल्यावर पोत्यात गुंडाळलेला सायलेन्सर निघाला. पोटाला चेपलेला, खालच्या अंगाला रुपयाएवढे भोक. मोजला तर घेर डाव्याशी जुळला, आणि चौकटीचा पोचाही होता.

भोक खालीच का, हे समजून घ्या. इंजिन गार होताना धुरातली वाफ पाण्याच्या थेंबांनी साचते आणि सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी उतरते. धुरातले आम्ल त्यात मिसळते. म्हणून सायलेन्सर बहुधा आतून बाहेर सडतो. गाडी फार दिवस न चालवता नुसती पाच मिनिटे सुरू करून बंद केली तर हे पाणी उडून जात नाही, उलट वाढते. सुरू करायची तर चांगली गरम होईपर्यंत चालवावी, आणि बंद गोठ्यात किंवा पडवीत कधीच सुरू करू नये. त्या धुरातला विषारी वायू माणसाला आणि जनावराला कळायच्या आत मारतो.

साफसफाईच्या नावाखाली

चकचकीत करण्याची घाई नको. मूळ सायलेन्सरवर पुन्हा क्रोम चढवण्याआधी तो घासतात, त्यात पत्रा पातळ होतो आणि कडांचा धारदारपणा जातो. जाणकार माणूस मुलाम्याच्या डागांपेक्षा या बोथट कडांनी जास्त नाराज होतो. थोडा गंज असेल तर साबणाचे पाणी, रॉकेल आणि मऊ फडके पुरेसे आहे. बेंडवर इंजिनाजवळ जी निळसर-पिवळी झाक येते ती उष्णतेची. तिला घासून काढायचा हट्ट धरू नये.

आतली काजळी काढायला काही जण सायलेन्सर गोवऱ्यांच्या आगीत टाकतात. मुलामा कायमचा जातो. त्यापेक्षा नुसता बाफल बाहेर काढून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात रात्रभर ठेवतात. ते काम करते, परंतु कॉस्टिक सोडा हा कीटकनाशकाइतकाच जपून हाताळायचा पदार्थ आहे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी कधी ओतू नये, उसळी घेऊन अंगावर येते. ॲल्युमिनियमचा कोणताही भाग त्यात बुडवू नये आणि ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही ते करू नये, भांडे खाऊन टाकते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. मुले आणि जनावरे दूर ठेवावीत. उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या गव्हाणीकडे जाऊ देऊ नये.

जाता जाता एक सांगतो, कारण हे तुमच्या रोजच्या कामाचे आहे. पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप टू स्ट्रोक असेल तर त्याचाही सायलेन्सर असाच काजळीने चोंदतो. पंप सुरू होतो पण जोर धरत नाही, अशी तक्रार घेऊन शेतकरी येतात तेव्हा मी कार्बुरेटरआधी सायलेन्सरचे तोंड पाहायला सांगतो. तेल प्रमाणापेक्षा जास्त घातले की हे लवकर होते. "थोडे जास्तच घातलेले बरे" हा समज सोडून द्यावा आणि पंपाच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच धरावे.

कागदपत्रांविषयी

आता कायद्याचे थोडक्यात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज वाहन म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. 'मूळ स्वरूपात' या दोन शब्दांमुळे माळ्यावरच्या त्या नळकांड्याला मोल आले आहे. मात्र व्हिंटेज नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला जावावरून रोज मळ्यात जायचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये, साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे. आरसी बुक दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावे करून घ्यावे, त्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही.

तरुण पोरांसाठी एक वाक्य. बुलेटचा मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा बसवण्याची टूम गावागावांत पोहोचली आहे. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवानाही तीन महिने जाऊ शकतो. हौस असेल तर करा, पण काढलेला मूळ सायलेन्सर निदान पोत्यात बांधून माळ्यावर टाका. पोरांचा बाप झाल्यावर तो शोधाल.

विकायचे झाले तर गाडी आणि सायलेन्सर कधी वेगळे विकू नयेत. दुरुस्तीला द्यायची झाली तर आधी चारी बाजूंनी फोटो काढावेत. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी सडलेला असला तरी, परत मिळाला पाहिजे असे लिहून घ्यावे. सडलेला मूळ भागही नमुना म्हणून उपयोगी पडतो. कारागिराला तसाच दुसरा करायचा तर समोर ठेवायला काहीतरी लागते. माझ्याकडे तो नमुनाही उरला नाही. नुसता फोटो आहे, आणि फोटोतून पत्र्याची जाडी कळत नाही.

आजींनी भंगारवाल्याला परत पाठवले. शहरातल्या गृहस्थांनाही नातवाने फोन करून सांगितले की तूर्त गाडी विकायची नाही. आरसी बुक नातवाच्या वडिलांच्या नावे करण्याचा अर्ज गेला आहे. माळ्यावरचा सायलेन्सर चाचा आपल्याबरोबर घेऊन गेले. त्याच जाडीचा पत्रा मिळाला की भोकाला ठिगळ लावायचे आणि पोचा तसाच ठेवायचा, असे ठरले. नातवाला पोचा काढून हवा होता. आजी नको म्हणाल्या. निघताना त्यांनी चाचांना एवढेच बजावले, "ठिगळ खालच्या अंगाला घाला, वरनं दिसाया नको. आन् घागरीचा वण ऱ्हाऊ द्या."